परदेशात रेल्वेने फिरताना: गाडी बरोबर, पण डबा भलत्याच गावाचा

टिळकवाडीकर (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

परदेशात सॅक पाठीवर टाकून फिरायला निघणाऱ्या आपल्या भागातील तरुण मुलामुलींची व्हिसा, विमान आणि विमा या तिन्ही गोष्टींची तयारी चोख असते, पण तिकडच्या रेल्वेचा अभ्यास करून निघालेले फार थोडे भेटतात. रेल्वे आपल्याला येते, असे आपण धरून चालतो. बेळगाव, खानापूर, लोंढा, घटप्रभा या पट्ट्यातील माणसाने तसे धरून चालणे स्वाभाविकही आहे, कारण आपल्यापैकी कितीतरी जणांची शिक्षणे आणि नोकऱ्या मिरज, पुणे आणि हुबळीच्या गाड्यांवरच पार पडल्या आहेत. परंतु आपल्या रेल्वेने आपल्याला लावलेल्या सवयी आणि तिकडची रीत यांत एक मूलभूत फरक आहे, आणि माझ्या कानावर आलेल्या बहुतेक फजित्यांचे मूळ त्या एका फरकात सापडते. त्यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

आपल्याकडे आरक्षित तिकिटावर गाडीचा क्रमांक, तारीख, डबा आणि बर्थ हे सगळे छापलेले असते, आणि एकदा त्या बर्थवर अंग टाकले की मुक्कामाचे गाव येईपर्यंत आपण निश्चिंत असतो. शेजारचे प्रवासी उठवतात, गाडी मोठ्या स्थानकावर दहा-पंधरा मिनिटे थांबते, दार उघडेच असते. युरोपातील बऱ्याच देशांत तिकीट हे प्रवासाचे असते, आसनाचे नसते. आसन हवे असेल तर त्याचे आरक्षण निराळे करावे लागते. मोठ्या स्थानकावरही गाडी अनेकदा दोन-चार मिनिटांतच सुटते. दार बटण दाबल्याशिवाय उघडत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकाच फलाटावरून, एकाच वेळी सुटलेल्या गाडीच्या वाटेत दोन गाड्या होतात आणि त्या दोन निरनिराळ्या गावांना जातात.

हा शेवटचा प्रकार आपल्या माणसाला सर्वांत अनोळखी आहे. बर्लिनहून पश्चिम जर्मनीकडे जाणाऱ्या अनेक वेगवान गाड्या दोन संच एकमेकांना जोडून धावतात आणि हाम या जंक्शनवर वेगळ्या होतात. एक संच डॉर्टमुंड आणि एसेन या मार्गाने ड्युसेलडॉर्फकडे जातो, दुसरा हागेन आणि वुपरटालवरून कोलोनकडे. दोन्ही संचांचा रंग, आसने आणि डब्यांची रचना सारखीच असते. एका संचातून दुसऱ्यात आतल्या आत चालत जाता येत नाही, कारण मध्ये दोन्हीकडच्या चालकांच्या केबिन समोरासमोर जोडलेल्या असतात.

माझा भाचा आणि त्याचा मित्र अशाच एका गाडीने कोलोनला निघाले होते. गर्दीचा दिवस होता. भाच्याला एका डब्यात एक जागा मिळाली, आणि मित्र जागा शोधत फलाटावरूनच दुसऱ्या संचात चढला. हामला गाडी थांबली तेव्हा दोघांनाही त्यात काही विशेष वाटले नाही. थोड्या वेळाने गाडी निघाली, मित्राचा फोन आला, आणि दोघांनी आपापल्या खिडकीतून दिसणारी स्थानकाची पाटी एकमेकांना वाचून दाखवली, तेव्हा एकाकडे हागेन होते आणि दुसऱ्याकडे डॉर्टमुंड. दोघांचे पासपोर्ट मित्राच्या पोटाशी बांधलेल्या पाकिटात होते आणि दोघांचे तिकीट भाच्याच्या फोनवर होते. डॉर्टमुंडच्या बाजूला तपासनीस बाई आल्या तेव्हा मित्राजवळ दाखवायला काहीच नव्हते. बाई समजूतदार होत्या. भाच्याने पाठवलेले तिकिटाचे चित्र त्यांनी ग्राह्य धरले आणि ड्युसेलडॉर्फहून कोलोनला जाणारी पुढची गाडी कोणती, हे कागदावर स्वतःच्या हाताने लिहून दिले. दोघांची भेट कोलोनच्या फलाटावर झाली, परंतु मधल्या काळात दोन्ही घरी फोन गेले होते आणि इकडे रात्रभर कोणाला झोप नव्हती.

म्हणून माझे सर्वांना आग्रहाचे सांगणे असे आहे की, तिकडे गाडी पाहून चढू नये, डबा पाहून चढावे. प्रत्येक डब्याच्या दाराशेजारी त्या डब्याचे अंतिम स्थानक दाखवणारी पाटी असते आणि ती फलाटावरील मोठ्या फलकापेक्षा अधिक विश्वासार्ह समजावी. दोन संच जोडलेली गाडी असेल तर त्या संचांच्या डब्यांचे क्रमांक बहुधा वेगवेगळ्या मालिकेत असतात. एका संचाचे वीसच्या घरातले, दुसऱ्याचे तिसाच्या घरातले. फलाटाचे भाग इंग्रजी अक्षरांनी दाखवलेले असतात आणि कोणता डबा कोणत्या अक्षरासमोर उभा राहील, हे आधीच कळते. दोन-चार मिनिटांच्या थांब्यात सॅक घेऊन फलाटभर धावण्यापेक्षा त्या अक्षरापाशी जाऊन उभे राहावे.

आपले किंवा आपल्या माणसांचे अनुभव लिहावेत. देश कोणता, नेमके काय घडले आणि त्यातून मार्ग कसा निघाला, हे तिन्ही लिहिल्यास पुढे जाणाऱ्यांना उपयोग होईल.

माजी_सुभेदार

टिळकवाडीकर सर, विषय उत्तम मांडलात. आमच्या पलटणीत वेळेचा प्रश्न कधी उद्भवत नसे, परंतु मुलाकडे युरोपात गेल्यावर घड्याळही बदलते हे प्रत्यक्ष पाहिले. मध्य युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे २ वाजता घड्याळ पुढे करून ३ वाजवतात, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे ३ वाजता मागे आणून पुन्हा २ वाजवतात. आपल्याकडे ही पद्धत नसल्यामुळे प्रवासाची आखणी करताना ते कोणाच्या ध्यानातच येत नाही.

ऑक्टोबरच्या त्या रात्री ज्या रात्रगाड्या वाटेत असतात, त्यांना एखाद्या सोयीच्या स्थानकावर तासभर उभे करून ठेवतात, कारण तसे केले नाही तर त्या वेळापत्रकाच्या तासभर आधी पुढच्या स्थानकावर पोहोचतील. मी होतो त्या डब्यातील एका भारतीय कुटुंबाने गाडी बिघडली असे समजून सगळे सामान फलाटावर उतरवले होते. मध्यरात्र उलटून गेलेली, लहान मूल झोपेतून उठून रडत होते, आणि फलाटावर चौकशीला एकही माणूस नव्हता. सहायकाने येऊन समजावल्यावर ते पुन्हा चढले. मार्चमध्ये उलट होते. गाडी कोठेही न थांबता तासभर उशिरा पोहोचते, आणि पुढची जोडगाडी कमी अंतराने ठेवली असेल तर ती हातची जाते. त्या दोन रात्री रात्रगाडीचे तिकीट काढू नये असे मी म्हणणार नाही, पण सकाळच्या पुढच्या गाडीत भरपूर अंतर ठेवावे.

असाच प्रकार आशियातही आहे. थायलंडहून मलेशियात रेल्वेने जाताना पदांग बेसार या सीमेवरील स्थानकात दोन्ही देशांची तपासणी होते, आणि मलेशियाचे घड्याळ थायलंडच्या एक तास पुढे आहे. क्वालालंपूरकडे जाणाऱ्या गाडीची वेळ मलेशियाच्या घड्याळाप्रमाणे छापलेली असते. मनगटावरचे घड्याळ थायलंडच्या वेळेवर राहिले तर समोरच्या फलाटावरून गाडी सुटताना पाहत बसावे लागते. सीमा ओलांडण्याआधीच घड्याळ लावून घ्यावे.

निपाणीची_लेक

सुभेदार काका, घड्याळाची माहिती माझ्या वहीत लिहून ठेवली. मी पासपोर्टविषयी लिहिते, कारण टिळकवाडीकर सरांच्या भाच्याच्या प्रसंगात मला सर्वांत काळजीचा भाग तोच वाटला.

शेंगेन देशांमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातील देशांमध्ये) सीमेवर तपासणी नसते, असे ऐकून आपली मुले पासपोर्ट सॅकच्या तळाशी ठेवतात आणि सॅक डब्याच्या टोकाला असलेल्या सामानाच्या मांडणीवर. वस्तुस्थिती अशी आहे की, १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सर्व भू-सीमांवर तात्पुरती तपासणी सुरू केली, आणि साल्झबुर्गहून म्युनिककडे जाणाऱ्या गाड्यांत पोलीस चढून कागद पाहतात. गर्दीच्या डब्यात माणसांतून वाट काढत सॅक खाली घेऊन पासपोर्ट शोधणे म्हणजे तेवढा वेळ पोलिसाला ताटकळत उभे ठेवणे. माझ्या एका मैत्रिणीची सॅक तर त्याआधीच्या स्थानकावर कोणीतरी उचलून नेली होती आणि हे तिला पोलीस आल्यावर कळले. तिला उतरवून स्थानकातील चौकीत नेले, तिथे चोरीची तक्रार नोंदवली गेली, आणि त्या तक्रारीच्या प्रतीवरच पुढची सगळी धावपळ झाली. भारतीय वकिलातीतून इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळते खरे, परंतु ते केवळ भारतात परतण्यासाठी असते. त्यावर पुढची भटकंती करता येत नाही. तिची पुढची सगळी सहल तिथेच संपली.

पासपोर्ट आपापल्या अंगावर हवा, दुसऱ्याच्या पाकिटात नको. त्याची आणि व्हिसाच्या पानाची झेरॉक्स सॅकमध्ये वेगळी ठेवावी. व्हिसा लागून पासपोर्ट परत हाती आला, त्याच दिवशी हे करून टाकावे.

आणखी एक गोष्ट. एकदाच प्रवेश देणाऱ्या शेंगेन व्हिसावर पॅरिसहून रेल्वेने लंडनला जाऊन परत येण्याचा बेत काही जण आखतात. ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो हे त्यांना ठाऊक असते, पण पॅरिसहून निघताना शेंगेनमधून बाहेर पडल्याची नोंद होते आणि परतीचा प्रवेश शिल्लक राहत नाही, हे लक्षात येत नाही. शिवाय त्या गाडीसाठी विमानतळासारखी तपासणी असते आणि प्रवेशद्वार गाडी सुटण्याच्या ३० मिनिटे आधी बंद होते. नेहमीच्या गाडीसारखे ऐनवेळी पोहोचून चालत नाही.

चिकोडी_रोड

सर्वांचे अनुभव वाचले. मला मात्र वाटते की, यातील निम्म्या अडचणी आज उरलेल्या नाहीत. तिकडच्या प्रत्येक रेल्वेचे ॲप आहे, त्यात फलाट बदलला तर सूचना येते, उशीर झाला तर कळते, पुढची गाडी कोणती तेही दिसते. तरुण मुले फोनशिवाय एक पाऊल टाकत नाहीत. त्यांना डब्याच्या पाट्या वाचायला सांगणे हे काहीसे जुन्या काळचे वाटते. आपला आदर राखूनच हे मत मांडत आहे.

टिळकवाडीकर

चिकोडी रोड साहेब, मत स्पष्ट मांडलेत, बरे केलेत. ॲप वापरावेच, याबद्दल दुमत नाही. परंतु ॲपला गाडी कोठे आहे हे माहीत असते. तुम्ही त्या गाडीच्या कोणत्या डब्यात बसला आहात हे त्याला माहीत नसते. माझ्या भाच्याच्या फोनवर ॲप होते आणि ते शेवटपर्यंत अचूक माहिती देत होते. त्यात कोलोनला पोहोचण्याची वेळ मिनिटागणिक दिसत होती. मित्र ज्या डब्यात होता तो डबा कोलोनला जाणारच नव्हता, हे सांगणारी एकमेव गोष्ट म्हणजे दाराशेजारची पाटी आणि हामच्या आधी झालेली घोषणा. शिवाय बोगदे, डोंगर, सीमेवर बदलणारे नेटवर्क आणि थंडीत लवकर उतरणारी बॅटरी यांचा विचार केला तर फोनवर एकहाती विसंबणे मला पटत नाही. भाच्याच्या प्रसंगात फोन लागला म्हणून दोघांना एकमेकांचा पत्ता लागला. तो लागला नसता तर कोणी कोठे थांबायचे, हे आधी ठरलेलेच नव्हते.

दोघे किंवा अधिक जण एकत्र जात असतील तर हे घरून निघण्याआधीच ठरवावे. ताटातूट झाली तर दोघांनीही एकमेकांच्या शोधात उलटसुलट गाड्या पकडल्या की गोंधळ वाढतो. म्हणून, आपल्या मुक्कामाच्या गावाचे मुख्य स्थानक हेच भेटीचे ठिकाण समजावे, जो बरोबर गाडीत आहे त्याने उतरू नये, आणि जो भलत्या गाडीत आहे त्याने तपासनीसाला गाठून मार्ग विचारावा. मुक्कामाच्या गावाचे नाव आणि हॉटेलचा पत्ता प्रत्येकाच्या खिशात कागदावर लिहिलेला असावा.

कॅसलरॉक

मी रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेला माणूस आहे, त्यामुळे टिळकवाडीकर यांच्या बाजूने बोलणे मला भाग आहे. डबा हाच रेल्वेचा खरा एकक आहे. गाडी ही कागदावरची व्यवस्था. डबे काढले-जोडले जातात, इंजिने बदलतात, क्रमांक बदलतात.

रुळांच्या रुंदीबद्दल, म्हणजे दोन रुळांमधील अंतराबद्दल, थोडे सांगतो, कारण तो विषय आपल्या भागाला जवळचा आहे. मिरजेला एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज या तिन्ही रुंदीचे मार्ग येऊन मिळत असत, आणि मिरजेला गाडी बदलण्यासाठी डोक्यावर ट्रंक घेऊन फलाट ओलांडणारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. जगातही अशा जागा आहेत. मंगोलियाचे रूळ १५२० मिलिमीटर रुंदीचे आणि चीनचे १४३५ मिलिमीटरचे. या मार्गावरील आंतरराष्ट्रीय गाडीत प्रवाशांना डबा बदलावा लागत नाही. सीमेवरच्या एरलियान येथे डबे शेडमध्ये नेऊन एकेक करून उचलतात, खालचे चाकांचे सांगाडे (बोगी) ओढून काढतात आणि दुसऱ्या रुंदीचे सांगाडे बसवतात. या कामाला आणि तपासणीला मिळून कित्येक तास लागतात, आणि त्या सर्व वेळात शौचालयाला कुलूप असते.

येथे घडणारी फजिती ठरलेली आहे. कॅसलरॉकला घाटासाठी जादा इंजिने जोडली जाईपर्यंत चहा पिऊन यायची आपल्याला सवय. त्याच हिशेबाने प्रवासी एरलियानला काही खायला घ्यायला उतरतो, आणि गाडी त्याचा पासपोर्ट, सामान आणि गरम कपडे घेऊन शेडकडे निघून जाते. ती परत येते, पण काम संपल्यावर. तोपर्यंत उघड्या फलाटावर किंवा प्रतीक्षालयात बसून राहावे लागते, आणि हिवाळ्यात तिथे कडाक्याची थंडी असते. त्यामुळे उतरायचे असेल तर कोट आणि कागद अंगावर घेऊन उतरावे, आणि उतरायचे नसेल तर सीमेच्या आधीच शौचालयाला जाऊन यावे. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर याला फार महत्त्व आहे.

स्पेनमध्ये हेच काम वेगळ्या रीतीने होते. तिथले जुने रूळ १६६८ मिलिमीटरचे, नवे वेगवान मार्ग १४३५ चे. काही गाड्यांच्या चाकांची रुंदी एका विशिष्ट यंत्रणेवरून सावकाश जाताना आपोआप बदलते. गाडी एकाएकी माणसाच्या चालीने का चालू लागली, असे वाटून घाबरण्याचे कारण नाही.

मलप्रभाकाठ

माझी धाकटी बहीण बेल्जियममध्ये ल्यूव्हेनला शिकते, तिच्या तोंडून ऐकलेले लिहितो. उत्तरेत डच, दक्षिणेत फ्रेंच, पूर्वेच्या एका लहान पट्ट्यात जर्मन, आणि ब्रुसेल्स द्वैभाषिक, अशी त्या देशाची वाटणी आहे. ओस्टेंडेहून ऑयपेनकडे जाणारी गाडी या सगळ्या पट्ट्यांतून जाते आणि जसजसा प्रदेश बदलतो तसतशी डब्यातील घोषणेची भाषा आणि गावांची नावेही बदलतात. लिएज या शहराला डचमध्ये लाउक म्हणतात, जर्मनमध्ये ल्युटिख. मॉन्सला बेर्खेन म्हणतात. सीमेपलीकडच्या फ्रान्समधील लील हे शहरही डच पाटीवर रायसेल होऊन येते.

बहिणीकडे आलेल्या दोन मैत्रिणी ल्यूव्हेनच्या फलाटावर लिएजच्या गाडीची वाट पाहत उभ्या होत्या. फलकावर लाउक असे नाव असलेली गाडी आली, थांबली आणि गेली. नंतरची गाडीही गेली. बहीण वर्ग संपवून परत जाताना स्थानकात आली तेव्हा त्या तिथेच उभ्या होत्या. एकाच गावाला दोन राज्यकारभारांनी दिलेली दोन नावे असू शकतात, हे बेळगावच्या माणसाला निराळे समजावून सांगायला नको. फक्त परदेशात गेल्यावर ते आठवले पाहिजे. स्थानकाची दोन्ही-तिन्ही नावे तिकिटाच्या मागे लिहून ठेवली की काम भागते. उलट बाजूचा धोका म्हणजे एकाच नावाची दोन गावे: जर्मनीत माइन नदीकाठचे फ्रँकफुर्ट वेगळे आणि पोलंडच्या सीमेवर ओडर नदीकाठचे फ्रँकफुर्ट वेगळे, आणि दोन्हींच्या मध्ये जवळजवळ सगळा देश आहे.

स्वित्झर्लंड आणि चेक प्रजासत्ताकातील डोंगरी मार्गांविषयी एक लहान सूचना. तिथल्या कित्येक छोट्या स्थानकांवर गाडी विनंतीवरूनच थांबते. डब्यातील बटण दाबले नाही आणि फलाटावर कोणी उभे नसेल तर गाडी तशीच पुढे जाते. वेळापत्रकात अशा स्थानकांपुढे खूण असते.

हिंडलगा_नाका

आपल्याकडून बँकॉकला जाणारे पुष्कळ आहेत म्हणून लिहितो. बँकॉकचे जुने मुख्य स्थानक हुआ लम्फोंग. १९ जानेवारी २०२३ पासून लांब पल्ल्याच्या गाड्या तिथून हलवून क्रुंग थेप अफिवात या नव्या स्थानकात नेल्या आहेत. जुन्या माहितीवर विसंबलेले प्रवासी अजूनही हुआ लम्फोंगला जातात. तिथून काही साध्या गाड्या सुटतात, त्यामुळे स्थानक चालू दिसते आणि शंका येत नाही. दोन्ही स्थानके मेट्रोच्या निळ्या मार्गाने जोडलेली आहेत. टॅक्सीवाल्याला नुसते "रेल्वे स्टेशन" न सांगता स्थानकाचे पूर्ण नाव दाखवावे. पॅरिस आणि बुडापेस्टमध्येही प्रत्येक दिशेचे मुख्य स्थानक वेगळे आहे.

टिळकवाडीकर

सर्वांचे आभार. व्यक्तिगत संदेशातून दोन-तीन जणांनी तिकीट आणि नुकसानभरपाईविषयी विचारले आहे, त्याचे उत्तर येथेच देतो, कारण या बाबतीत आपले प्रवासी हक्काचे पैसे सोडून येतात याचे मला मनापासून वाईट वाटते.

युरोपीय संघाचा रेल्वे प्रवाशांच्या हक्कांविषयीचा सध्याचा नियम ७ जून २०२३ पासून लागू आहे. मुक्कामी पोहोचायला ६० ते ११९ मिनिटे उशीर झाल्यास तिकिटाच्या किमतीच्या २५ टक्के आणि १२० मिनिटे किंवा अधिक उशीर झाल्यास ५० टक्के भरपाई मिळते. टोकाचे हवामान किंवा रुळावर आलेला माणूस अशा रेल्वेच्या हाताबाहेरच्या कारणांना सूट आहे, पण रेल्वे कर्मचाऱ्यांच्या संपाला ती सूट नाही. तासाभराहून अधिक उशीर होणार असे दिसत असेल तर पैसे परत घेणे किंवा दुसऱ्या मार्गाने पुढे जाणे, यांतले एक निवडण्याचा हक्क प्रवाशाला आहे. गाडी रद्द झाल्यावर किंवा जोडगाडी चुकल्यावर १०० मिनिटांत रेल्वेने पुढचा पर्याय सांगितला नाही, तर प्रवासी स्वतः दुसऱ्या रेल्वेचे किंवा बसचे तिकीट काढू शकतो आणि तो आवश्यक खर्च रेल्वेने भरून द्यावा लागतो. भरपाईचा अर्ज तीन महिन्यांच्या आत करावा लागतो, म्हणजे गावी परत आल्यावरही तो करता येतो. त्यासाठी तिकीट, पावत्या आणि उशीर दाखवणाऱ्या फलकाचा फोटो जपून ठेवावा.

यात एक मेख आहे. पूर्ण प्रवासाचे तिकीट एकाच ठिकाणी, एकाच व्यवहारात काढलेले असेल तरच चुकलेल्या जोडगाडीची जबाबदारी रेल्वेवर येते. स्वस्त पडते म्हणून तीन ठिकाणांहून तीन तुकडे घेतले तर पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली तरी दुसऱ्या तिकिटाचे पैसे बुडतात. जर्मनीतील स्वस्त तिकिटे विशिष्ट गाडीला बांधलेली असतात. मात्र मुक्कामी पोहोचायला २० मिनिटे किंवा अधिक उशीर होण्याची शक्यता असेल तर ते बंधन सुटते आणि दुसऱ्या गाडीने जाता येते. ही एक गोष्ट माहीत नसल्यामुळे लोक नवे तिकीट विकत घेतात.

इटलीत स्थानिक गाडीचे कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरील यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावा लागतो. तिकीट खिशात असूनही शिक्का नसेल तर दंड होतो, आणि तपासनीसाला अडाणीपणाची सबब चालत नाही. त्याच देशात संप वारंवार होतात, परंतु कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक गाड्या चालवणे बंधनकारक आहे. संपाची तारीख आधी जाहीर होते, तेव्हा त्या दिवशीचा प्रवास या वेळांत बसवावा.

जपानविषयी थोडक्यात: टोकियोत घेतलेले स्मार्ट कार्ड देशातील बहुतेक मोठ्या शहरांत चालते, पण एका विभागात प्रवेश करून दुसऱ्या विभागात बाहेर पडता येत नाही. अतामी हे अशा दोन रेल्वे कंपन्यांच्या हद्दीवरचे स्थानक आहे. त्याच्या पलीकडे जायचे असेल तर कागदी तिकीटच काढावे, नाहीतर बाहेर पडण्याच्या दाराशी अडकून पडावे लागते. परदेशी पर्यटकांच्या पासवर नोझोमी ही टोकियो-ओसाका मार्गावरील सर्वांत वेगवान गाडी जादा पैसे भरल्याशिवाय चालत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

नंदगडची_आई

नमस्कार. मी धागा पहिल्यापासून वाचते आहे. माझी मुलगी आणि तिची मैत्रीण पुढच्या महिन्यात व्हिएन्नाहून ॲम्स्टरडॅमला रात्रगाडीने जाणार आहेत. दोघींची आरक्षणे वेगवेगळ्या डब्यांत झाली आहेत. डबे वेगळे होतात हे वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही. तिकीट बदलून घ्यायला सांगू का?

टिळकवाडीकर

ताई, तिकीट बदलण्याची गरज बहुधा पडणार नाही. व्हिएन्ना आणि इन्सब्रुक या दोन ठिकाणांहून निघालेले रात्रगाडीचे डबे न्यूरेंबर्गला आपसांत बदलले जातात. काही हॅम्बुर्गकडे जातात, काही ॲम्स्टरडॅमकडे. दोघींच्याही तिकिटावर ॲम्स्टरडॅम हेच मुक्कामाचे गाव आणि स्वतःचा डबा क्रमांक छापलेला असेल, तर दोन्ही डबे तिकडेच जाणारे आहेत. धोका एवढाच की गप्पा मारायला एक दुसरीच्या डब्याकडे निघते, वाटेत हॅम्बुर्गच्या डब्यात रिकामी जागा पाहून बसते आणि तिथेच डोळा लागतो.

तेव्हा मुलीला असे सांगा: व्हिएन्नाला चढताना दाराशेजारच्या पाटीवर ॲम्स्टरडॅम आहे का ते दोघींनी आपापल्या डब्याला पाहावे आणि त्या पाटीचा फोटो एकमेकींना पाठवावा. डब्याचा सहायक तिकीट पाहायला येईल, त्याला दुसरीचा डबा क्रमांक दाखवून दोन्ही डबे एकत्र जाणार आहेत ना, हे विचारून घ्यावे. जेवण एकत्र करावे, पण झोपण्याआधी आपापल्या बर्थवर परतावे आणि ॲम्स्टरडॅमपर्यंत डबा बदलू नये. पासपोर्ट, तिकिटाची छापील प्रत आणि थोडे युरो प्रत्येकीच्या स्वतःच्या पाकिटात. तुमच्याकडे दोघींचे डबा आणि बर्थ क्रमांक लिहून ठेवा. तिकिटाचा फोटो मला व्यक्तिगत संदेशात पाठवलात तर मीही एकदा पाहून सांगतो. नाव आणि पासपोर्ट क्रमांक तेवढे झाकून पाठवा.